कान लावून

शारजात, इंडस्ट्रियल एरिया सहा नंबर,
टायरवाला आणि शोर्मावाला यांच्या मधलं दुकान.
जुने लॅपटॉप उभे ठेवलेत, पुस्तकांसारखे, कणा बाहेर करून.
शुक्रवार. दुपारची नमाज नुकतीच सुटलेली.
तन्मयीच्या हातात वहीचं फाडलेलं पान:
रॅम आठ, जमल्यास सोळा.
एसएसडीच, फिरती डिस्क नको.
प्रोसेसर आठव्या पिढीच्या मागचा नको.
ग्राफिक्स कार्डावर मात्र ठळक काट.
"ते खेळणाऱ्यांना लागतं, बाबा.
मला फक्त कोड लिहायचाय."

मला त्यात एकच शब्द ओळखीचा: पिढी.
बाकी मी टनांतला माणूस.
दीड टन, दोन टन,
गॅस कुठे गळतोय, कॉम्प्रेसर कधी रडायला लागणार.
एकोणीस उन्हाळे लोकांच्या गच्च्यांवर काढले,
खाली त्यांना पांघरूण घ्यावं लागावं म्हणून.

आधी मॉलमध्ये गेलो होतो.
नवा, चंदेरी, दोन हजार तीनशे दिरहॅम.
विकणारा पोरगा हप्त्यांचं गोड बोलत होता.
तन्मयीनं झाकण उघडलं, एक बोट फिरवलं
आणि मिटून ठेवलं,
मेन्यूकार्ड उजवीकडून वाचून ठेवतात तसं.
"पंधरा तारखेला भाड्याचा चेक आहे ना," म्हणाली.
तारीख तिला पाठ आहे,
हे मला तिथे, त्या सरकत्या जिन्यावर कळलं.

झरवलीनं काळा, जाडसर एक पुढे सरकवला.
"बँक का माल है भाईजान, साहब लोग का."
पाठीवर खरवडून अर्धा उरलेला स्टिकर.
इंग्रजी अक्षरांच्या कुशीत अरबी अक्षरं,
सगळी शाबूत,
फक्त मागे खोडायचं बटण झिजून गुळगुळीत.
मी म्हटलं, "साहेब फारच चुकायचा."
ती म्हणाली, "मग माझ्या कामाचा आहे."

काळी खिडकी उघडून ती काहीबाही टाइप करत राहिली.
रॅम आठ. डिस्क बरोबर. पिढी आठवी.
नऊशे सांगितले.
मी म्हटलं, थांब. दहा मिनिटं चालू दे.
मग उचलला आणि कुशीला कान लावला.
झरवली हसला. तन्मयी इकडेतिकडे बघायला लागली,
कुणी पाहत तर नाही ना.

बेअरिंग ठीक होतं.
पण हवा तळहातावर घेतली तर नुसती वाफ, जोर नाही.
जाळी तुंबलेली. भट्टीत बसून हिशेब करत होता बिचारा.
किल्ल्यांच्या जुडग्यातला स्क्रूड्रायव्हर काढला,
नऊ स्क्रू, सगळे ओळीनं रुमालावर,
आणि आत
धुळीचं घोंगडं.
वाळवंट कुठे शिरायचं सोडत नाही.
चिमटीनं काढून मी ते काउंटरवर ठेवलं,
झरवलीच्या कॅल्क्युलेटरशेजारी.
तो बघत राहिला. मीही काही बोललो नाही.
साडेसातशे. चार्जर ओरिजिनल.

तन्मयीनं पान परत उघडलं,
सगळ्यात खाली लिहिलं, पंखा,
आणि पुढे बरोबरची खूण केली.

बॅटरी पन्नास मिनिटं टिकते.
म्हणून ती प्लगजवळ बसते,
फ्रिज आणि तिच्या आईच्या पलंगामधल्या जागेत,
उजेड पडू नये म्हणून चादर डोक्यावरून घेऊन.
आमच्या खोलीला पार्टिशनच्या भिंती, सगळं ऐकू येतं.
अर्धवट झोपेत मी ऐकतो:
आवाज चढला, म्हणजे काहीतरी धावतंय.
आवाज उतरला, म्हणजे ती विचार करतेय.
काल रात्री दोनच्या पुढे बराच वेळ
तो उतरलेलाच होता.

सकाळी चहा घेताना विचारलं, काय अडलं होतं गं?
डोळे चोळत म्हणाली, "एक अर्धविराम. राहिला होता."
सापडला?
"हो."
बूट घातले. साडेपाचची गाडी
खाली हॉर्न देत होती.